उघडी रेघ

१

तर्कशास्त्र शिकवून माणूस शहाणा होतो असा लोकांचा समज असतो. ताईचा अनुभव वेगळा होता. तिच्या मते माणूस नुसता दमतो. तीसेक वर्षं त्याच खोलीत, त्याच फळ्यापुढे, तीच ती विधानं लिहून तिचा उजवा खांदा कायमचा उतरला होता, आणि हल्ली वर्गात शिरताना ती "हं, बसा" एवढंच म्हणायची. मुलं आधीच बसलेली असली तरी म्हणायची. कॉलेजात सगळे तिला मॅडम म्हणत. ताई ती फक्त घरी होती, आणि तेही एकाच माणसाची.

तिच्या एका सवयीची मात्र कॉलेजभर थट्टा चालायची. एखादी गोष्ट खोटी ठरवायची असेल तर ताई आधी ती खरी धरून चालायची. फळ्यावर 'समजा' असं लिहायची आणि तिथून खाली, डाव्या बाजूला, एक उभी रेघ ओढत न्यायची. रेघेच्या उजवीकडे जे येईल ते फक्त तेवढ्यापुरतं खरं. असं पुढे जाता जाता दोन विधानं एकमेकांच्या मुळावर उठली, म्हणजे एक हो म्हणतंय आणि दुसरं नाही, की ती रेघ खाली आडवी वळवून बंद करायची. मग समजलेलं खोटं ठरलं. रेघ मिटली की तिच्या आतलं सगळंच गेलं.

उघडी रेघ मागे ठेवून वर्गाबाहेर पडायचं नाही, हा तिचा नियम होता. घंटा होऊ दे, पुढच्या तासाचे सर दारात येऊन खाकरू देत, ती खडू खाली ठेवायची नाही. शिपायालासुद्धा तिने कधीकाळी दम भरला होता की रेघ उघडी दिसली तर फळ्याला हात लावायचा नाही. तशी वेळ कधी आलीच नव्हती, पण शिपायाने ते ध्यानात ठेवलं होतं.

सत्राच्या मध्यावर ती ईश्वराचा तास घ्यायची. त्या दिवशी दुसऱ्या वर्गांतली मुलंही येऊन मागे उभी राहायची. तरुण असताना ताई हा तास अगदी बाह्या सरसावून घ्यायची. आता तो अंगवळणी पडला होता, आणि अंगवळणी पडलेल्या गोष्टीचा जेवढा कंटाळा येतो तेवढा तिला त्याचा येत होता. तरी तिने लिहिलं. पहिली ओळ: समजा, तो आहे. रेघ सुरू. दुसरी: तो असेल तर त्याला सगळं कळतं, सगळं जमतं, आणि तो भला आहे. तिसरी: म्हणून कुणाही निरपराध माणसाला विनाकारण दुखणार नाही. चौथी: पण निदान एका निरपराध माणसाला विनाकारण दुखत आहे.

चौथी ओळ आली की कुणीतरी उठायचंच. यंदा पहिल्या बाकावरची मुलगी उठली. बारीक, चष्मेवाली, शंका विचारताना स्वतःच ओशाळणारी.

"मॅडम, विनाकारण कशावरून? आपल्याला कारण माहीत नसेल."

"असेल ना. असेल कारण तर त्याने येऊन सांगावं," ताई दरवर्षीसारखं म्हणाली. "मी कुठे पळून चाललेय?"

वर्ग हसला. दरवर्षी हसायचा. त्या हसण्यातच तिचा फोन वाजला. वर्गात ती फोन कधी उघडा ठेवत नसे, पण त्या वर्षी ठेवावा लागत होता. घरी धाकट्या बहिणीपाशी दिवसभर बसणारी बाई बोलत होती.

"अहो, या तुम्ही. आज थांबतच नाहीये त्यांचं. औषध देऊनही नाही."

तिच्या आवाजामागे धाकटीचा आवाज होता. ताईने खडू टेबलावर ठेवला, पर्स उचलली आणि निघाली. पायऱ्या उतरताना तिला आठवलं की आपण रेघ मिटवली नाही. परत फिरावं असं क्षणभर वाटलं. मग तिला स्वतःचाच राग आला आणि ती तशीच पुढे गेली.

२

धाकटी शिवणकाम करायची, आधी दुकानात, मग घरी. कोट, पँटी, शाळेचे गणवेश, जे येईल ते. दोन खोल्यांतली आतली खोली तिची होती. एका कोपऱ्यात शिवणयंत्र, त्यावर आता चादर टाकलेली, आणि भिंतीला लागून लोखंडी पलंग. पलंग भिंतीला अगदी चिकटवून ठेवला होता, म्हणजे त्या बाजूने तरी ती पडणार नाही. दुखणं हाडांत शिरलं होतं. डॉक्टरांनी बरं होण्याची भाषा केव्हाच सोडून दिली होती. आता फक्त कमी दुखावं एवढंच बघायचं होतं, आणि तेवढंही जमत नव्हतं.

धाकटी दुखण्यापुढे गप्प बसणाऱ्यातली नव्हती. कळ आली की ती देवाला शिव्या द्यायची. साध्यासुध्या नव्हेत. दुकानात आयुष्य काढलेल्या बाईकडे जो साठा असतो तो सगळा ती वरच्याच्या नावाने रिकामा करायची. बसणारी बाई धावत येऊन खिडकी लावून घ्यायची, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. ताई स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची. तिचा त्या पत्त्यावर कुणी राहतं यावर विश्वास नव्हता, तरी बहीण तिथे रोज भांडायला जाते याचा तिला आधार वाटायचा. कुणाशी तरी भांडण चालू आहे तोवर माणूस आहे, असं काहीसं.

त्या दिवशी जिना चढताना शिव्या ऐकू आल्या नाहीत. ताई उरलेल्या पायऱ्या धावत चढली. गेली, असंच वाटलं.

धाकटी जागी होती. उशीवर डोकं, तोंड भिंतीकडे. कुणी समजावून सांगत असताना आपण जशी मान किंचित कलती करतो तशी तिची मान होती. मध्येच तिने हुंकार दिला, 'हं' असा. मग ताईकडे वळली.

"वर्ग सोडून आलीस? काढतील हं तुला."

"काढू देत. सुटेन. थांबलं का दुखायचं?"

ताईने तिच्या कपाळावरचा घाम पुसला, चादर नीट खोचायला पलंगाच्या पलीकडे हात घातला, आणि हात सरळ खाली गेला. पलंग आणि भिंत यांच्यात वीतभर फट होती.

"पलंग कुणी ओढला?"

"मी नाही बाई," बसणारी बाई दारातून म्हणाली. "मला एकटीला हलायचाय का तो?"

ताईने पलंगाला खांदा लावला. जुन्या लोखंडाने फरशीवर करकर आवाज केला आणि तो भिंतीला टेकला. धाकटी तिच्याकडे बघत होती. केविलवाणी म्हणावं तशी, पण ती कीव स्वतःची नव्हती, ताईची होती.

३

पुढचे दिवस शांततेत गेले. इतक्या शांततेत की तळमजल्यावरच्या आजीने विचारलं, "तुमच्या धाकटीला बरं वाटतंय वाटतं?"

डॉक्टर म्हणाले, "चांगलं आहे की. असं होतं कधी कधी. शरीर स्वतःच हत्यारं टाकतं." त्यांनी औषधही कमी केलं. ताईने ऐकून घेतलं. तिलाही झोप मिळत होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिने जेवताना पाठ टेकली होती. सुखाला नाव ठेवायची तिची हौस नव्हती.

पण पलंग रोज सरकत होता. संध्याकाळी ताईने भिंतीला लावावा, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येऊन बघावं तर फट परत आलेली, आदल्या दिवसापेक्षा थोडी मोठी. फरशीला उतार असणार, तिने स्वतःला सांगितलं. जुनी इमारत, ओझ्याने खचते. हे पुरेसं होतं. पण पुरेसं म्हणून सोडून द्यायची तिला सवय नव्हती. तिने धाकटीच्या शिवणाच्या डब्यातून एक रीळ काढलं आणि पलंगापाशी फरशीवर ठेवून सोडलं. रीळ क्षणभर जागेवर राहिलं, मग हळूहळू घरंगळत गेलं. भिंतीकडे.

म्हणजे उतार होता, तिचं बरोबर होतं. फक्त पलंग उतारावरून वर चढत होता.

तिने रीळ उचलून डब्यात टाकलं, डबा बंद केला. उठताना तिला पलंगाच्या उशाशी भिंतीवर एक उभी पांढरी रेघ दिसली, छतापासून सरळ खाली येणारी. तिने बोट फिरवून बघितलं. खडू होता. धाकटीचाच असेल, ती म्हणाली, कापडावर खुणा करायचा. शिंप्याच्या घरात भिंतीवर खडू लागायचाच. धाकटीला गेल्या वर्षापासून उठून उभं राहता येत नव्हतं, हे तिला माहीत होतं. तिने ते आठवण्याचं टाळलं.

बसणारी बाई जायला निघाली तेव्हा तिने चपला घालता घालता आवाज खाली आणला.

"एक सांगू का? डॉक्टर काहीही म्हणोत. त्यांना दुखतंय."

"तुला कसं कळलं?"

"अहो, चादरीची कड बघा ना. चावून चावून चिंध्या केल्यात. अंग कसं लाकडासारखं होतं. दुखणं काडीचंही कमी नाहीये. फक्त आता त्या ओरडत नाहीत."

ताई आत गेली. चादरीची कड ओली होती आणि फाटलेली होती. ती पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसली.

"खरं सांग. दुखतंय?"

"हो."

"आधीइतकंच?"

"जास्तच."

"मग ओरडत का नाहीस?"

धाकटीने छताकडे बघितलं. "दुखतंय," ती म्हणाली, "पण उगाच नाही."

४

ताई वर्गावर गेली तेव्हा फळा तसाच होता. शिपायाने राखला होता. मधल्या दिवसांत इतर सरांनी उरलेल्या अर्ध्या फळ्यावर कसंबसं भागवलं होतं आणि शिपायाशी भांडणंही केली होती.

"सगळे ओरडले माझ्यावर," तो अभिमानाने म्हणाला. "पण तुमची रेघ उघडी. मी म्हटलं, मॅडम येतील तेव्हाच."

ताईने त्याचे आभार मानले. आभार मानायची इच्छा नव्हती. मुलं यायला अजून वेळ होता. ती पहिल्या बाकावर, त्या चष्मेवाल्या मुलीच्या जागेवर बसली आणि चौथी ओळ वाचत राहिली.

निरपराध, विनाकारण, दुखणं. या ओळीला तीन पाय आहेत. एक जरी काढून घेतला तरी ओळ पडते. ओळ पडली की विसंगती येत नाही, आणि विसंगती आली नाही तर रेघ मिटवता येत नाही. हे ती मुलांना झोपेतही सांगू शकली असती. दुखणं थांबलं असतं तर ओळ पडलीच असती. पण दुखणं तसंच ठेवून नुसतं 'विनाकारण' काढून घेतलं तरी तेवढंच काम होतं. कमी खटपटीत.

कोण काढून घेणार, तिने स्वतःला विचारलं. तू कुणाबद्दल बोलतेयस? अगं, हा फळा आहे. यावर तू यापूर्वी 'समजा, सगळे घोडे हिरवे आहेत' असंही लिहिलंयस आणि बाहेर एकही हिरवा घोडा दिसला नाही. पण ती रेघ तू तिथल्या तिथे मिटवली होतीस, तिच्यातलीच दुसरी बाई म्हणाली. ही रेघ उघडी ठेवून तू आधी त्याला बोलावलंस, येऊन सांग म्हणून, आणि मग निघून गेलीस.

असल्या विचारांना वर्गात तिने कित्येकदा हसण्यावारी नेलं होतं. आता हसू येईना. आणि खरं तर तिला भीतीपेक्षा दुसरंच काही वाटत होतं, ज्याची तिला लाज वाटली. घर शांत झालं होतं. रेघ मिटली की आतलं सगळं गेलं, म्हणजे ती शांतताही गेली. पुन्हा ते ओरडणं, पुन्हा स्वयंपाकघरात कानावर हात.

मुलं आली तेव्हा तिने दुसराच धडा काढला. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला, "मॅडम, ते राहिलंय," म्हणून. ताईने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. जाताना शिपायाला म्हणाली, "असू दे तो भाग. पुसू नकोस."

५

"ते मिटव," धाकटी म्हणाली.

दुपार होती. खिडकीतून ऊन आलं होतं आणि शिवणयंत्रावरच्या चादरीवर पडलं होतं. पलंग आता भिंतीपासून इतका दूर होता की मधे एक माणूस आडवं अंग करून उभा राहिला असता. ताईने तो ढकलायचं सोडून दिलं होतं. खांद्यात जोर नव्हता, आणि उपयोगही नव्हता.

"काय मिटवू?"

"तुझं जे काय उघडं राहिलंय ते."

रेघेबद्दल ताईने घरी अक्षर काढलं नव्हतं. पण वर्गातल्या गमतीजमती पूर्वी कधीतरी सांगितल्या असतील. असतीलच. बहिणी किती वर्षं एका घरात राहतायत.

"भिंतीकडून कोण बोलतं तुझ्याशी?" तिने विचारलं. आवाज शिक्षिकेचा लागला, उत्तर चुकलेल्या मुलाला लावतात तसा.

"आता कुणी बोलत नाही. सांगून झालं केव्हाच. आता नुसतं थांबलंय."

"कशासाठी?"

"आणखी काही विचारायचंय का म्हणून." धाकटी हसली. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. "फार सभ्य आहे गं. एवढ्या शिव्या दिल्या मी जन्मभर, पण एका शब्दाने उणंदुणं काढलं नाही. तू म्हणालीस ना, कारण असेल तर येऊन सांगावं. आलं, सांगितलं."

"आणि तुला पटलं?"

"बरोबरच आहे ते. चूक काढायला जागा नाही. तू असतीस तर तुलाही सापडली नसती."

"काय सांगितलं? मला सांग. मी बघते."

"नको." धाकटीने तिचं मनगट पकडलं. सगळी उमर कात्री चालवलेला हात, अजून पकड होती त्यात. "तू ऐकू नकोस. ताई, ऐक माझं. उगाच दुखत होतं ना, तेव्हा बरं होतं. ओरडता येत होतं. वरच्याची आईबहीण काढता येत होती. आता काय बोलू? कुणाला बोलू? कळ येते, तोंड उघडते, आणि आठवतं की बरोबर आहे. हे जे चाललंय ते बरोबर आहे. मग तोंड मिटावं लागतं गं. चादर चावत बसते."

ताईला तिच्याकडे बघवेना.

"मरायचं तर आहेच," धाकटी म्हणाली. "पण असं नाही मरायचं मला, मान डोलवत. मिटव ते. माझं उगाचचं दुखणं मला परत दे."

तेवढ्यात कळ आली. तिचं अंग ताणलं, बोटं ताईच्या मनगटात रुतली, तोंड उघडलं. ताईने स्वतःच्या नकळत शिवीची वाट बघितली. धाकटीने भिंतीकडे बघितलं, आणि तोंड मिटून घेतलं.

"उद्या मिटवते," ताई म्हणाली.

६

वर्ग भरलेला होता. मॅडम आज ते पुरं करणार हे कसं कोण जाणे सगळ्यांना कळलं होतं. ताई "हं, बसा" म्हणायलाही विसरली. तिने सरळ खडू घेतला.

पाचवी ओळ लिहायची, विसंगती दाखवायची, रेघ वळवायची. एवढंच काम. पण चौथ्या ओळीशी येऊन हात थांबला. निदान एका निरपराध माणसाला. कोणत्या? धाकटीला विनाकारण दुखत नव्हतं, आता नव्हतं. ओळ खोटी होती. खोट्या ओळीवरून रेघ मिटवली असती तर वर्गात कुणालाही कळलं नसतं. पण ती मिटली नसती, नुसती मिटल्यासारखी दिसली असती. तीस वर्षं मुलांचे गुण यासाठीच कापले होते.

निदान एक. म्हणजे कुणीही चालेल. मग तिला सुचलं, आणि इतकं सोपं असून आधी कसं सुचलं नाही याचं नवल वाटलं. स्वयंपाकघरात उभी राहून ऐकणारी बाई. जिच्या हाडांत काही झालेलं नाही, पण जिला दुखतंय. कशासाठी ते तिला कुणी सांगितलेलं नाही. निरपराध? ताईने प्रामाणिकपणे हिशेब केला. एवढं दुखावं इतका अपराध तर नव्हता. तिन्ही पाय घट्ट.

फळ्यावर तिने जन्मात स्वतःचा उल्लेख केला नव्हता. आज तिने चौथ्या ओळीखाली लिहिलं: तो माणूस, मी.

मग पाचवी ओळ सुरू करायला ती डावीकडे सरकली, रेघेपाशी, आणि तिला दिसलं की फळा भिंतीपासून सुटलाय. डाव्या कडेला, वरपासून खालपर्यंत, वीतभर फट. फळा खिळ्यांनी ठोकलेला होता. खिळे जागेवर होते.

तिने आत बघितलं. फटीत भिंत होती, जुना चुना होता, कोळ्याचं जाळं होतं. आणि भिंतीच्या अलीकडे काहीतरी अंग चोरून उभं होतं. खूप मोठं असूनही जागा अडू नये म्हणून जेवढं मागे सरता येईल तेवढं सरलेलं. त्याला चेहरा असेल तर तो तिच्याकडे वळलेला नव्हता. बोलावल्याशिवाय मध्ये न येणाऱ्या माणसासारखं ते थांबलं होतं. आता तिने बोलावलं होतं. नाव घालून.

आवाज झाला नाही. बोललं कुणीच नाही. एखाद्या सिद्धतेतली चूक दुसऱ्याने बोट ठेवून दाखवली की ती जशी एकदम, सगळी, कळते, आणि मग ती आधी दिसली नव्हती हेच खरं वाटत नाही, तसं तिला ते कळलं. तिचं कारण. तिचं एकटीचं.

खडू हातातच होता. किती वेळ गेला ते तिला समजलं नाही. मागून बाक वाजला. पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली होती.

"मॅडम, तुमचं चालत नसेल तर तिथे माझं दुखणं घाला ना," ती ओशाळून म्हणाली. "म्हणजे, मला आहे एक. आमच्या घरी... माझ्या भावाचं. कुणाला माहीत नाही."

"खाली बस!"

असं ती वर्गात कधी ओरडली नव्हती. तिने डस्टर शोधलं नाही. तळहाताने, मग दोन्ही हातांनी, ती चौथी ओळ पुसत सुटली. उभी रेघ मात्र तिच्या हातून पुसली जाईना, आणि ती पुसूनही काही झालं नसतं. पुसणं म्हणजे मिटवणं नव्हे, हे तिनेच शिकवलं होतं.

"हे कुणीही घरी सोडवायचं नाही," ती वळून म्हणाली. "समजलं? कुणीही नाही."

मुलं तिच्याकडे बघत राहिली. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी उतरवून घेतलं होतं.

७

घरी जाताना ती वाटभर चूक शोधत होती. बसथांब्यावर, बसमध्ये, जिन्यावर. तिचा धंदाच तो. कारण उलटसुलट करून बघितलं, त्याचे पाय एकेक करून हलवून बघितले. एकही हलला नाही.

पलंग खोलीच्या मध्यावर आला होता. ताईने खुर्ची ओढली, पण भिंतीच्या बाजूला नाही. धाकटीने तिच्या पांढऱ्या झालेल्या तळव्यांकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे. तिचा चेहरा पडला.

"नाही ना मिटली?"

ताईने मान हलवली.

"तुलाही सांगितलं."

"हं."

"मी म्हटलं होतं ना ऐकू नकोस." रागावून म्हणाली, लहानपणी ताईने तिच्यासाठी मार खाल्ला की रागवायची तशी. मग हळूच: "पटलं?"

"पटलं."

स्वयंपाकघरात बाई भांडी लावत होती.

"मला वाटायचं," धाकटी म्हणाली, "निदान काहीतरी मोठं असेल. एवढं दुखतंय म्हणजे."

"मलाही."

धाकटीने पांघरुणाबाहेर हात काढला. अंगठा आणि बोट जवळ आणून तिने माप दाखवलं, कापडावर एका टाक्याला दाखवतात तेवढं. ताईने बघितलं. तिने आपली दोन बोटं उचलली आणि तेवढीच धरली. त्याहूनही थोडी जवळ.

त्यानंतर त्यांना एकमेकींना विचारायचं काही उरलं नाही.

कळ आली. ताईने तिचा हात घट्ट धरला. "ओरड," ती म्हणाली. "ओरड गं. मी आहे इथे. दे शिव्या, मीही देते तुझ्याबरोबर." आणि तिने खरंच तोंड उघडलं. कधी न दिलेली शिवी, बहिणीच्या तोंडून हजारदा ऐकलेली, जिभेवर आणली. धाकटीनेही उघडलं. दोघींची तोंडं उघडी राहिली.

बाई सवयीने धावत आली आणि तिने खिडकी लावून घेतली. मग जरा वेळ थांबली, आणि काहीच ऐकू येईना म्हणून तिने ती पुन्हा उघडली.